त्वचा-उपचारात इजा झाली तर भरपाई कशी मागायची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेझर, केमिकल पील, फिलर, बोटॉक्स, मायक्रोनीडलिंग, गोरेपणाची इंजेक्शने. यांपैकी कशानेही चेहरा भाजला, डाग उठले किंवा व्रण राहिला, तर महाराष्ट्रात भरपाई मागण्याचे मार्ग आहेत आणि त्यातला मुख्य मार्ग, म्हणजे ग्राहक आयोगातली तक्रार, फारसा खर्चिकही नाही. तरीही अनेक खऱ्या तक्रारी फेटाळल्या जातात, कारण पहिल्या पंधरा दिवसांत जे गोळा करायचे ते राहून गेलेले असते. म्हणून खालची सुरुवातीची उत्तरे कायद्याची कमी आणि कागदांची जास्त आहेत.

कालच लेझर झाले, गाल भाजला आहे. आधी काय करू?

आधी उपचार, मग तक्रार. ताज्या भाजण्यावर नळाचे गार पाणी २० मिनिटे. बर्फ थेट लावू नका. टूथपेस्ट, हळद, लिंबू, कोरफडीचा घरचा गर यांतले काहीही नको. पीलच्या आम्लाने आग होत असेल तर भरपूर पाण्याने धुवा. त्यानंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्वचारोगातली एमडी पदवी किंवा डीडीव्ही पदविका असलेल्या वेगळ्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. सरकारी रुग्णालयाची त्वचारोग ओपीडी असेल तर उत्तम. तिथला केसपेपर पुढे पुरावा म्हणून वजनदार ठरतो, कारण त्या डॉक्टरांचा या भांडणात काही स्वार्थ नसतो.

फिलरची गोष्ट वेगळी आहे आणि ती मिनिटांची आहे. इंजेक्शननंतर त्वचा पांढरीफटक पडली, नंतर जांभळट जाळीदार नक्षी दिसू लागली, वेदना वाढत गेल्या किंवा नजर अंधुक झाली, तर रक्तवाहिनी बंद झाल्याची शक्यता असते. हायल्युरोनिक आम्लाच्या फिलरवर हायल्युरोनिडेज नावाचे विकर तातडीने टोचावे लागते. ‘उद्या बघू, सूज आहे’ हे उत्तर ऐकून घरी परतू नका. नजरेत फरक पडला असेल तर थेट डोळ्यांची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा.

पुरावा म्हणून नक्की काय जमवायचे?

फोटो रोज, पहिले १४ दिवस, नंतर आठवड्याला एकदा. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, एकाच अंतरावरून. समोरून आणि दोन्ही बाजूंनी. शेजारी पट्टी किंवा नाणे धरा म्हणजे आकार कळतो. ब्युटी फिल्टर बंद. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या प्रतीतून तारीख-वेळेची माहिती निघून जाते. उपचाराच्या आधीचे, तुमच्याच फोनमधले साधे फोटोही शोधून ठेवा. ‘डाग आधीपासूनच होते’ हा बचाव हमखास येतो आणि लग्नात काढलेला एखादा स्वच्छ फोटो तो मोडून काढतो.

याशिवाय जपून ठेवायचे ते असे : बिले, पॅकेजचे कार्ड, यूपीआयची नोंद, अपॉइंटमेंटचे मेसेज, क्लिनिकची जाहिरात किंवा इन्स्टाग्राम पोस्टचा स्क्रीनशॉट, दिलेली क्रीम आणि त्यांची वेष्टने. बोटॉक्स किंवा फिलर असेल तर कुपीवरच्या बॅच क्रमांकाचे स्टिकर मागून घ्या. बहुतेक उत्पादनांसोबत ते रुग्णाच्या कागदावर चिकटवण्यासाठीच येते. स्टिकर नाहीच असे उत्तर मिळाले तर तेही मेसेजवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहते.

चॅट आणि फोटोंच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील कलम ६३ चे प्रमाणपत्र (इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी लागणारे) जोडावे. ग्राहक आयोग पुराव्याच्या तांत्रिक नियमांना काटेकोरपणे बांधलेला नसतो, पण समोरचा वकील हरकत घेणारच असतो. तिला जागा ठेवू नये.

क्लिनिक म्हणते, ‘आणखी एक सिटिंग घ्या, डाग जातील.’ घ्यावी का?

नाही. निदान दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय नाही. भाजलेल्या किंवा दाह असलेल्या त्वचेवर पुन्हा लेझर किंवा पील केले तर काळे डाग अधिक खोल जातात. शिवाय इजा नेमकी कोणत्या सिटिंगमुळे झाली हे पुढे कुणालाच सांगता येत नाही, आणि तो गोंधळ नेहमी रुग्णाच्या विरोधात जातो.

मनासारखा परिणाम आला नाही, एवढ्यावर भरपाई मिळते का?

एवढ्यावर सहसा नाही. मुरुमांचे खड्डे ७० टक्के भरतील असे वाटले होते आणि ३० टक्केच भरले, तर तो निष्काळजीपणा ठरत नाही. डॉक्टर निकालाची नव्हे, काळजीची हमी देतो. पुण्यातील एका शल्यचिकित्सकाच्या प्रकरणात, डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले, सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली : रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी आणि तो उपचार देताना काळजी. तुमची तक्रार या तिन्हींपैकी कुठे बसते ते आधी शोधा. ‘चेहरा खराब झाला’ हे वाक्य तक्रारीचा शेवट असू शकते, आधार नव्हे.

एक अपवाद महत्त्वाचा आहे. ‘१०० टक्के हमी’, ‘६ सिटिंगमध्ये केस कायमचे बंद’ असे छापून पैसे घेतले असतील, तर निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी अनुचित व्यापारी प्रथा आणि दिशाभूल करणारी जाहिरात हा स्वतंत्र मुद्दा उभा राहतो. तो तक्रारीत वेगळ्या परिच्छेदात मांडावा.

मग निष्काळजीपणा नेमका कशात दिसतो?

प्रत्येक उपचाराचे चुकण्याचे ठरावीक मार्ग आहेत. ते माहीत असले की कागदपत्रांत काय शोधायचे ते कळते.

लेझरने केस काढताना किरणांचे लक्ष्य केसातले मेलॅनिन हे रंगद्रव्य असते, पण आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ त्वचेतही मेलॅनिन भरपूर असते आणि तेही ती ऊर्जा शोषते. म्हणून गडद त्वचेला १०६४ नॅनोमीटरचे लाँग-पल्स लेझर तुलनेने सुरक्षित, ८०० ते ८१० चा डायोड जपून वापरण्याचा, आणि ७५५ चा अलेक्झांड्राइट जास्त जोखमीचा. चुका होतात त्या अशा : कोकणातल्या किनाऱ्यावरून उन्हाने रापून आलेल्या त्वचेवर लगेच सिटिंग, केस नीट न काढता मारलेले शॉट, थंड करणारे टोक बंद पडलेले, एकाच जागी शॉटवर शॉट, किंवा परिणाम लवकर दिसावा म्हणून एकदम वाढवलेली ऊर्जा. प्रत्येक सिटिंगच्या नोंदीत तरंगलांबी, स्पॉटचा आकार, प्रति चौरस सेंटिमीटर ज्यूल आणि पल्सचा काळ लिहिलेला हवा. चाचणी-शॉट देऊन किमान एक-दोन दिवस वाट पाहिली का, हेही त्यात दिसायला हवे. नोंदच नसेल तर तो तुमच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे.

लेझरचे भाजणे अनेकदा स्वतःच साक्ष देते. हँडपीसच्या टोकाच्या मापाचे, ओळीत उठलेले चौकोनी किंवा गोल डाग नैसर्गिक ॲलर्जीने येत नाहीत. वांगासाठी क्यू-स्विच लेझरच्या सिटिंगवर सिटिंग झाल्या असतील तर उलटा प्रकार होतो, तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके उमटतात. ते दिसू लागल्यावरही उपचार चालूच ठेवला असेल तर दोष अधिक गंभीर.

केमिकल पीलमध्ये आम्ल, त्याची टक्केवारी, किती थर आणि किती मिनिटे, या चार गोष्टी लिहिलेल्या असल्या पाहिजेत. ग्लायकॉलिक आम्ल वेळ भरताच बायकार्बोनेटच्या द्रावणाने किंवा पाण्याने थांबवावे लागते. ते ठेवून कर्मचारी दुसऱ्या खोलीत गेली, हा नेहमीचा अपघात. टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल) मात्र तसे थांबवता येत नाही. त्याची खोली थर आणि त्वचेवर येणारा पांढरेपणा पाहूनच सांभाळतात, म्हणून ते अननुभवी हातात देऊच नये. आम्ल नाकाच्या कडेला, हनुवटीखाली, डोळ्याच्या कोपऱ्यात साचते. तिथले ओघळाच्या आकाराचे व्रण फोटोत नीट पकडा. रेटिनॉइडची (व्हिटॅमिन ए वर्गातली) क्रीम किंवा मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का, ओठावर नागीणीसारखे फोड येतात का, व्रण फुगण्याची प्रवृत्ती आहे का, हे न विचारता केलेला उपचार पहिल्याच कर्तव्यात चुकलेला असतो.

फिलरबाबत आमचे मत ठाम आहे : ज्या क्लिनिकात हायल्युरोनिडेज तयार ठेवलेले नाही, तिथे हायल्युरोनिक फिलर टोचणे हाच निष्काळजीपणा आहे.

गोरेपणासाठी शिरेतून दिले जाणारे ग्लुटाथायोन या कामासाठी भारतात मान्यताप्राप्त नाही. ते देताना मान्यता नसल्याचे सांगितले नसेल तर संमतीच अपुरी ठरते.

मी संमतीपत्रावर सही केली आहे. त्यात ‘कोणत्याही परिणामास क्लिनिक जबाबदार नाही’ असे आहे. सगळे संपले का?

नाही. संमती जोखमीला असते, हलगर्जीपणाला नसते. अशा वाक्याने क्लिनिकची काळजी घेण्याची जबाबदारी पुसली जात नाही. समीरा कोहली प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की संमती खरी ठरायची असेल तर उपचाराचे स्वरूप, त्यातली मोठी जोखीम आणि पर्याय रुग्णाला समजेल असे सांगितलेले असले पाहिजेत. सौंदर्योपचार निकडीचे नसतात, त्यामुळे ‘सांगायला वेळ नव्हता’ हा बचावही उरत नाही.

अर्ज फक्त इंग्रजीत होता आणि तुम्हाला इंग्रजी वाचता येत नाही, लेझरच्या खोलीत झोपवल्यावर सही घेतली, रिकाम्या जागा नंतर भरल्या, पाच सिटिंगसाठी एकच सही आहे : यातले जे घडले असेल ते प्रतिज्ञापत्रात लिहा.

लेझर डॉक्टरने केलेच नाही, एका मुलीने केले. त्याने फरक पडतो का?

खूप. ती कोण, तिचे शिक्षण काय, डॉक्टर इमारतीत होते का, सेटिंग कुणी ठरवली, हे क्लिनिकला सांगावे लागेल. कर्मचाऱ्याच्या चुकीसाठी मालक आणि देखरेख करणारा डॉक्टर दोघेही जबाबदार असतात, म्हणून दोघांनाही सामनेवाले (तक्रारीतले विरुद्ध पक्ष) करा. फ्रँचायझी असेल तर मूळ कंपनीलाही.

डॉक्टरची नोंदणी तपासणे पाच मिनिटांचे काम आहे. एमबीबीएस आणि एमडी असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव सापडते. ‘कॉस्मेटोलॉजिस्ट’, ‘एस्थेटिक फिजिशियन’, ‘स्किन एक्स्पर्ट’ हे शब्द म्हणजे त्वचारोगातली पदव्युत्तर पदवी नव्हे. बीएचएमएस, बीएएमएस आणि बीडीएस यांची परिषद वेगळी असते. आपल्या शाखेबाहेरचा उपचार देण्याबद्दल पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल (१९९६) हा मुंबईतल्या प्रकरणातला निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे : होमिओपॅथीची पात्रता असताना ॲलोपॅथीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा, असे न्यायालयाने म्हटले.

इजा पार्लरमध्ये झाली. तिथे डॉक्टर नव्हताच. तक्रार करता येते?

येते. पैसे देऊन घेतलेली सेवा आहे, एवढे पुरे. उलट काम थोडे सोपे होते, कारण वैद्यकीय निष्काळजीपणाच्या सूक्ष्म कसोट्यांऐवजी ‘जे करण्याची पात्रताच नव्हती ते केले’ हा सरळ मुद्दा मिळतो. अडचण वसुलीची असते. छोट्या पार्लरची मालकी, भाड्याचा करार, दुकान परवाना आधी शोधून ठेवा, नाहीतर आदेश हातात राहतो आणि दुकान बंद झालेले असते.

क्लिनिक माझी फाइल देत नाही.

लेखी मागा, ईमेलने आणि स्पीड पोस्टने. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहिता विनियमांनुसार नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. रुग्णाला नोंदी मिळण्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल पक्षकार असलेल्या रहेजा प्रकरणात मान्य केला आहे.

अर्ज छोटा असावा : ‘माझ्या दि. … ते दि. … या काळातील उपचारांचे सर्व कागद, संमतीपत्रे, प्रत्येक सिटिंगच्या मशीन-सेटिंगची नोंद, आधीचे व नंतरचे फोटो, वापरलेल्या उत्पादनांचे बॅच क्रमांक, उपचार करणाऱ्या व्यक्तीचे नाव व नोंदणी क्रमांक ७२ तासांत द्यावेत.’ या अर्जात रागाचे एक वाक्यही नको. नोटीस नंतर द्या, फाइल आधी मागा. नोटीस गेल्यानंतर मिळणारी फाइल बऱ्याचदा फार नीटनेटकी असते.

रोख दिले, बिल नाही.

बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण पैसे दिल्याचे दाखवावे तर लागतेच. एटीएममधून काढल्याची नोंद, ‘उरलेले ५,००० उद्या घेऊन या’ असा मेसेज, पॅकेज कार्डावरच्या सह्या, सोबत आलेल्या बहिणीचे प्रतिज्ञापत्र, यांतून चित्र उभे राहते.

दुसऱ्या डॉक्टरचे मत लागतेच का?

कायद्याने प्रत्येक वेळी नाही. व्ही. किशन राव प्रकरणात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की दरेक तक्रारीत तज्ज्ञाचा अहवाल सक्तीचा नाही, आणि चूक ढळढळीत असेल तर घटना स्वतःच बोलते. व्यवहारात मात्र अहवाल नसलेली तक्रार लंगडी पडते.

इथे एक अडचण सगळ्यांना येते : डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध ‘निष्काळजीपणा’ हा शब्द लिहायला तयार होत नाहीत. तो आग्रह धरूच नका. त्यांना फक्त पाच गोष्टी लिहायला सांगा : काय दिसते (जागा, माप, आकार, रंग); ते कशाशी जुळते (‘उष्णतेने भाजल्याशी सुसंगत’ एवढे वाक्य पुरे); किती दिवसांपूर्वीचे असावे; कोणते उपचार, किती महिने, किती खर्च; आणि कायम राहील का. दाहानंतरचे काळे डाग महिनोन्‌महिने फिकट होत जातात, त्यामुळे कायमस्वरूपाबद्दलचे मत साधारण सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावे. आयोगही सरकारी रुग्णालयाकडून मत मागवू शकतो. तसा अर्ज तुम्हीच द्या.

तक्रार कुठे करायची? चार ठिकाणांची नावे ऐकली.

प्रत्येकाकडून वेगळे मिळते. भरपाई हवी तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. डॉक्टरवर शिस्तभंगाची कारवाई हवी तर त्याची परिषद. ती नोंदणी निलंबित करू शकते, पण तुम्हाला रुपयाही देऊ शकत नाही. क्रीम किंवा इंजेक्शनच संशयास्पद असेल तर अन्न व औषध प्रशासन. गुन्हा असेल तर पोलिस. दिवाणी न्यायालयाचा पर्याय आहे, पण तिथे दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी लागते. म्हणून बहुतेकांसाठी ग्राहक आयोगच बरा.

‘डॉक्टर आता ग्राहक कायद्यात येत नाहीत’ असे क्लिनिकचे लोक बिनदिक्कत सांगतात. ते खरे नाही. १९९५ च्या शांता प्रकरणापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्यात येते. २०१९ च्या नव्या कायद्यानंतर हा प्रश्न पुन्हा उकरला गेला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तेच कायम ठेवले.

आयोगात तक्रार दाखल करण्याची पद्धत सांगा.

कोणत्या आयोगाकडे जायचे ते मागितलेल्या भरपाईवर नाही, तर तुम्ही भरलेल्या पैशांवर ठरते. ५० लाखांपर्यंत पैसे दिले असतील तर जिल्हा आयोग, म्हणजे त्वचा-उपचारांची जवळजवळ सगळीच प्रकरणे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. जिल्हा कोणता? क्लिनिक जिथे आहे तो, किंवा तुम्ही राहता वा काम करता तो. पुण्यात उपचार घेऊन साताऱ्यात राहणारी व्यक्ती साताऱ्यात तक्रार करू शकते. ही सोय २०१९ च्या कायद्याने आली आहे, तिचा उपयोग करा.

आधी नोटीस देणे सक्तीचे नाही, पण द्यावी, १५ दिवसांची मुदत घालून. मग तक्रारअर्ज, प्रतिज्ञापत्र, कागदांची अनुक्रमणिका आणि क्रमांक टाकलेली कागदपत्रे, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर पीडीएफ करून किंवा प्रत्यक्ष आयोगात. दाखल करून घेण्याचा निर्णय सहसा २१ दिवसांत अपेक्षित असतो. सामनेवाल्यांना लेखी जबाब द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. ४५ दिवसांनंतर आयोगही मुदत वाढवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवले आहे. जबाब उशिरा आला तर गप्प बसू नका, तो दप्तरी घेऊ नये असा अर्ज त्याच तारखेला द्या.

तक्रार तारखांच्या क्रमाने, परिच्छेदांना क्रमांक देऊन, सहा-सात पानांत बसवावी. प्रत्येक विधानापुढे ‘कागद क्र. ४’ असा निर्देश हवा. सुरुवातीला सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण तिथली नोंद म्हणजे आयोगातली तक्रार नव्हे. अनेकांची मुदत याच गैरसमजात निघून जाते.

मुदत किती?

कारण घडल्यापासून २ वर्षे. इजा नंतर उघड झाली तर ती कळल्यापासून. पण ‘कळली नाही’ म्हणणे ताणता येत नाही. नाशिकच्या एका शस्त्रक्रियेच्या प्रकरणात १९९३ मध्ये पोटात राहिलेले कापड २००२ मध्ये सापडले. मधली नऊ वर्षे वेदना होत असूनही रुग्ण मूळ डॉक्टरकडे गेली नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तक्रार मुदतबाह्य ठरवली.

क्लिनिकशी चाललेला पत्रव्यवहार, नोटीस, परिषदेकडची तक्रार, पोलिसांतला अर्ज, यांपैकी कशानेही घड्याळ थांबत नाही. उशीर झालाच तर तक्रारीसोबत विलंब माफीचा अर्ज आणि दिवसागणिक कारण द्यावे लागते. दीड वर्षाच्या आत दाखल करायचे असे मनाशी धरून चाला.

किती रक्कम मागू?

जितकी दाखवता येईल तितकी. दिल्लीतल्या एका हॉटेलच्या सलूनमध्ये चुकीचे केस कापल्याबद्दल राष्ट्रीय आयोगाने २०२१ मध्ये २ कोटी दिले, तेव्हा मोठी बातमी झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आकडा रद्द केला, कारण उत्पन्न बुडाल्याचा ठोस पुरावा दप्तरी नव्हता, आणि प्रकरण परत पाठवले.

समजा, पॅकेजचे ४५,००० दिले. दुरुस्तीच्या उपचारांवर आतापर्यंत ३२,००० गेले, तज्ज्ञाने पुढच्या आठ सिटिंगचे ६४,००० लेखी सांगितले. २२ दिवस बिनपगारी रजा, पगार महिना ३०,०००, म्हणजे २२,०००. प्रवास ६,०००. इथपर्यंत १,६९,००० होतात आणि प्रत्येक आकड्यामागे कागद आहे. त्यावर मानसिक त्रास, विद्रूपता आणि तक्रारीचा खर्च हे वेगळे. तिथे वय, डाग चेहऱ्यावर की झाकलेल्या भागावर, लोकांसमोर उभे राहण्याचे काम आहे का, हे पाहिले जाते. समुपदेशकाकडे गेला असाल तर त्याचा कागद जोडा. रकमेवर व्याजही मागा. आयोग साधारणपणे ६ ते ९ टक्के देतात. गोल ५० लाखांची मागणी आणि मागे तीन बिले असली की उरलेल्या तक्रारीचीही विश्वासार्हता जाते.

लग्न मोडले किंवा लांबले असेल तर लिहायला संकोचू नका, पण त्याचा संबंध दाखवणारा मेसेज किंवा साक्षीदार हवा.

वकील हवाच का?

सक्ती नाही. तरी तज्ज्ञाची उलटतपासणी किंवा लेखी प्रश्नावली करायची वेळ आली तर वकील असलेला बरा. महिलांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन १५१००.

निकाल किती दिवसांत?

कायद्यात ३ महिने, चाचणी लागली तर ५. प्रत्यक्षात वर्षे लागतात. हे आधीच सांगतो, कारण दुसऱ्या वर्षी कंटाळून तारखेला न गेलेल्यांची तक्रार गैरहजेरीमुळे निकाली निघते.

पोलिसांत जावे का?

पात्रता नसलेल्याने इंजेक्शन दिले, खोटी पदवी लावली किंवा डोळा गेला, अशा वेळी जरूर. डोके किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणे ही कायद्यात ‘गंभीर दुखापत’ आहे आणि भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ लागू शकते. नोंदणीकृत डॉक्टरबाबत मात्र जेकब मॅथ्यू निकालामुळे (२००५) कसोटी कडक आहे : दोष ढोबळ स्वरूपाचा हवा आणि पोलिसांनी आधी निष्पक्ष, शक्यतो सरकारी डॉक्टरचे मत घ्यावे लागते. केवळ दबावासाठी पोलिसांत जाऊ नका. तिथे प्रतिकूल मत आले तर तेच ग्राहक आयोगात तुमच्यासमोर ठेवले जाते.

पॅकेज कर्जाच्या हप्त्यांवर घेतले होते. हप्ते थांबवू का?

एकतर्फी थांबवू नका, पतनोंद बिघडते. कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी कळवा की सेवा अर्धवट आणि सदोष आहे, उरलेले वितरण किंवा वसुली थांबवावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. ग्राहक तक्रारीत कंपनीला सामनेवाले करून हप्त्यांना अंतरिम स्थगिती मागा.

गोरेपणाच्या क्रीममुळे त्रास झाला असेल तर?

नळी फेकू नका, अर्धी वापरलेलीही. दोन संशय घ्यावेत : स्टेरॉइड आणि पारा. स्टेरॉइडने त्वचा पातळ आणि लाल होते, लव वाढते, क्रीम सोडली की भडका उडतो. पारा मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो, म्हणून पायावर किंवा चेहऱ्यावर सूज असेल तर लघवीची तपासणी लगेच करा. सौंदर्यप्रसाधनांत अनवधानाने येणाऱ्या पाऱ्याची मर्यादा दशलक्षात १ भाग आहे. क्लिनिकने बिनलेबलच्या डबीत भरून दिलेली क्रीम असेल तर ती सीलबंद करून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रारीसह द्या आणि पोच घ्या. थोडा भाग स्वतःकडे ठेवा.

क्लिनिक पैसे परत देते आहे, पण एका कागदावर सही मागते.

‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द शोधा. त्यावर सही म्हणजे पुढची मागणी जवळपास संपली. तडजोड वाईट नाही. डाग जाण्यासारखे असतील आणि रक्कम दुरुस्तीचा खर्च भरून काढत असेल तर ती घेणे शहाणपणाचे. पण आधी दुसऱ्या तज्ज्ञाकडून पुढचा खर्च लेखी घ्या, रक्कम धनादेशाने किंवा खात्यात घ्या, आणि ‘मोफत सिटिंग’ ही भरपाई म्हणून मोजू नका. तक्रार दाखल झालेली असेल तर आयोगाच्या मध्यस्थी कक्षातच तडजोड करा, तिची नोंद होते. डॉक्टरांकडे बहुधा व्यावसायिक विमा असतो. विमा कंपनीचे नाव विचारा आणि तिलाही पक्षकार करा, पैसे येण्याची शक्यता वाढते.

फेसबुकवर सगळे लिहिले तर?

आपला अनुभव, तारखा, फोटो लिहिता येतात. ‘बोगस’, ‘चोर’ असे शब्द बदनामीच्या नोटिसीला आमंत्रण देतात. प्रकरण चालू असताना गप्प राहणे बरे.

मी परदेशात असते. सुट्टीत मुंबईत उपचार घेतले होते.

क्लिनिक ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या आयोगात ऑनलाइन तक्रार करता येते. प्रतिज्ञापत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या, भारतातल्या नातेवाइकाला मुखत्यारपत्र द्या आणि सुनावणी व्हिडिओद्वारे व्हावी असा अर्ज करा. कायद्यात तशी तरतूद आहे. तिथल्या डॉक्टरचा अहवालही चालतो.

आदेश माझ्या बाजूने लागला, पण क्लिनिक पैसे देत नाही.

अपिलाची मुदत ४५ दिवस. राज्य आयोगात अपील करणाऱ्या सामनेवाल्याला आदेशाच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ती भरली का ते पाहा. अपील नाही किंवा स्थगिती नाही, तर त्याच जिल्हा आयोगात कलम ७१ खाली वसुलीची दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) आणि कलम ७२ खाली दंडात्मक अर्ज, असे दोन्ही करता येतात. कलम ७२ मध्ये १ महिन्यापासून ३ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. दरखास्तीसोबत आदेशाची प्रमाणित प्रत, व्याजासह आजवरच्या रकमेचा तक्ता, क्लिनिकच्या बँक खात्याचा तपशील (तुमच्या यूपीआय नोंदीतून तो मिळतो) आणि मालकांचे घरचे पत्ते द्या.